दुसऱ्या वळणावरचं घर

मैदान म्हटलं की ज्यांना हिरवळ आठवते, त्यांनी हे प्रकरण वाचलं नाही तरी चालेल. मी ज्या मैदानावर पळायला शिकले तिथं त्या वर्षी म्हशी बांधलेल्या होत्या, आणि त्यातल्या दोन आमच्या होत्या. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. आष्टीकडच्या आमच्या वाडीतल्या विहिरींचे तळ दिसायला लागले तसे आबा मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठानं खाली निघून गेले आणि माय दोन म्हशी, एक गाय आणि मला घेऊन छावणीत आली. ही चारा छावणी साखर कारखान्यानं उघडली होती, आणि उघडली होती कुठं, तर आमच्या कॉलेजच्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर. बाकीच्या पोरी घरून कॉलेजला यायच्या. माझं घरच कॉलेजात होतं. पाचटाची खोपी, पुढं गोणपाटाचा पडदा, आणि ती उभी होती बरोबर दुसऱ्या वळणावर, ट्रॅकच्या दुसऱ्या पट्टीत. कुणी पत्ता विचारला तर माय सांगायची, "लांब उडीच्या खड्ड्यापून उजव्या अंगाला." त्या खड्ड्यातल्या गार वाळूत आमची थोरली म्हैस दिवसभर बसून असायची आणि तिला तिथून उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

कॉलेज कारखान्याच्या शिक्षण संस्थेचं. कारखान्याचे चेअरमन तेच संस्थेचे अध्यक्ष, आणि पंचक्रोशीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. लहानथोर सगळ्यांचे ते चेअरमनसाहेब. ऊस चिक्कार होता त्या दिवसांत त्यांनी हे मैदान बांधलं, फाटकावर 'विद्यापीठमान्य क्रीडांगण' अशी भली मोठी अक्षरं रंगवून घेतली आणि सामानाची खोली गच्च भरून टाकली. छावणी आली तेव्हा त्या सामानाचा खरा उपयोग लोकांना सापडला. भालाफेकीचा भाला खोपीला मधोमध मेढ म्हणून लई बेस. अडथळ्याच्या शर्यतीचे अडथळे धुणं वाळत घालायला. गोळाफेकीचा गोळा खुंट्या ठोकायला. रिलेची बॅटन आतून पोकळ असते, त्यामुळं जनावराला औषध पाजायची नळी म्हणून ती इतकी पसंत पडली की तिच्यावरून बायकांची भांडणं व्हायची. ट्रॅकच्या आतल्या कडेनं विटा लावलेल्या होत्या, त्या पहिल्याच आठवड्यात चुलींना गेल्या. आमच्या चुलीच्या विटाही त्यातल्याच. आमचे क्रीडा संचालक ढवळे सर हे सगळं बघत सामानाच्या खोलीच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसायचे. माणूस जीव लावणारा, पळण्यातलं जे काही मला येतं ते त्यांनी शिकवलेलं. पण चेअरमनसाहेबांची जीप फाटकात दिसली की सर बसल्या जागी उभे राहायचे आणि गळ्यातली शिट्टी शर्टाच्या आत सारायचे. दुसरे गफूरमामू. मैदानाची देखभाल आणि खेळाडू पोरांची मालिश ही त्यांची कामं. छावणी झाल्यापासून त्यांना पेंड वाटायला जुंपलं होतं, तरी तेलाची बाटली खिशातून कधी हटली नाही.

नंतर तीस वर्षं मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात प्रशिक्षक म्हणून नोकरी केली. तांबडा सिंथेटिक ट्रॅक, मालिशीला वेगळी खोली, बर्फाच्या पिशव्या, फिजिओ, सगळं बघितलं, सगळं वापरलं. पोरी तक्रार घेऊन यायच्या, मॅडम, ट्रॅक तापलाय, मॅडम, शॉवरला पाणी नाही. मी ऐकून घ्यायचे आणि मग वर भांडून पाणी आणायचे. आमच्या वेळी असं होतं अन् तसं होतं, हे पुराण मी त्यांना कधीच ऐकवलं नाही. आमच्या वेळी वाईट होतं म्हणून त्यांच्या वेळीही वाईट असावं, हा कुठला न्याय? कष्टानं माणूस घडतो म्हणणाऱ्या लोकांचा मला मनापासून संताप येतो. ते बहुतेक दुसऱ्याच्या कष्टाबद्दल बोलत असतात.

छावणीतली पहाट आवाजानं उजाडायची. शेकडो जनावरं एकदम रवंथ करायला लागली की जमिनीतूनच काहीतरी दळल्याचा आवाज येतो आहे असं वाटायचं. त्यात गळ्यातल्या घंटा, दूध संघाच्या गाडीत कॅन चढवल्याचा खणखणाट, आणि कारखान्याचा भोंगा. कारखाना त्या वर्षी बंद होता, गाळायला ऊसच नव्हता, पण भोंगा मात्र वेळच्या वेळी वाजायचा. माय हसायची, "कामाला कुनी न्हाई अन् हाळी देयाला हाय." दूध सगळं डेअरीला जायचं. आमच्या पोटात हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, आणि कधी चंगळ म्हणून येसराची आमटी. माय भाकरी थापायची आणि माझ्या भाकरीखाली मूठभर शेंगदाणे लपवून ठेवायची. कुणापासून लपवायची कोण जाणे, खोपीत आम्ही दोघीच होतो. मी उसाच्या वाढ्यांच्या गंजींमधून, दावणींमधून, शेणाच्या पाट्या चुकवत पळायचे. माय माझ्या पळण्याला म्हणायची, "पाठीमागं कुत्रं लागल्यावानी कावून पळतीस गं? कुनी मारायलं का तुला?" पण मी परत आले की पायाखाली ओली गोणपाटं टाकायची, आणि ती ओली करायला वापरलेलं पाणी तिनं तिच्या अंघोळीतून काढलेलं असायचं.

आता मुद्द्याचं सांगते. दर वर्षी विद्यापीठ आपल्या संघासाठी पोरी निवडायचं. निवडलेल्या पोरींना विद्यापीठात नेत, वसतिगृहात ठेवत, महिनोन्‌महिने शिकवत, दोन वेळ पोटभर जेवू घालत, आणि मग देशभरच्या विद्यापीठांच्या स्पर्धेला पाठवत. मला तिथं जायचं होतं. तिकडं गेले नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. चुलत्याची टोळी ऊस तोडायला खाली निघायची होती आणि टोळीत एक कोयता कमी होता. चुलता आला की माझ्या दंडाकडं बघायचा आणि मायला म्हणायचा, "वैनी, पोरगी चांगली ताकदीची झाली की." मला तो शब्द अजून कानात टोचतो. ताकद माझी, आणि ती कुठं खर्च करायची हे ठरवणारे सगळे दुसरेच.

त्या वर्षी निवड चाचणी घ्यायची पाळी आमच्या कॉलेजची होती. दुष्काळ पडायच्या आधीच ते ठरलेलं. चेअरमनसाहेबांना पाहुण्यांपुढं नाही म्हणणं कमीपणाचं वाटलं. त्यांनी छावणीत येऊन हुकूम सोडला, "परवा विद्यापीठाची मानसं येनार. पोरी पळनार हायत. पळायला गोल रस्ता मोकळा पाहिजे, बाकी जनावरं आत राहू द्या." आणि गेले. ढवळे सरांना पाहुण्यांना आणायला जिल्ह्याच्या गावी पिटाळलं, गफूरमामूंना टँकरच्या मागं. सर जाताना मला म्हणाले, "कांता, आज पायांना आराम दे," आणि त्यांनी माझी झोपायची सोय मुलींच्या खोलीत केली, गेवराईहून आलेल्या सुमनजवळ. मैदानावर उरल्या फक्त बायका, पांढऱ्या रेघा मारायच्या फक्कीची दोन पोती, आणि चेअरमनसाहेबांचा हुकूम.

चाचणीच्या दिवशी सकाळी मैदान बघून ढवळे सरांचे डोळे भरून आले. एकही दावण वाटेत नाही, शेण झाडून काढलेलं, आणि सगळ्या छावणीला वळसा घालून पांढरीशुभ्र रेघ. विद्यापीठाकडून सबनीस मॅडम आल्या होत्या. बारीक केस, पुरुषी घड्याळ, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. बरोबर वेळ घेणारे एक गृहस्थ. मॅडमनी म्हशींकडं पाहिलं, फाटकावरच्या अक्षरांकडं पाहिलं. निवड घड्याळावर होती. चाचण्या ठिकठिकाणी व्हायच्या, त्यामुळं तुम्ही कितव्या आलात याला किंमत नाही. ठरलेल्या वेळेच्या आत आलात तर नाव, नाहीतर घरचा रस्ता. माझी शर्यत तीन हजार मीटरची. साडेसात फेऱ्या. त्या अंतराची माझी वेळ मला झोपेतसुद्धा ठाऊक होती, आणि ती ठरलेल्या वेळेच्या बऱ्यापैकी आत होती.

शिट्टी झाली. पहिलं वळण गेलं आणि दुसऱ्या वळणावर मला डाव्या हाताला आमची खोपी दिसली. धडधाकट उभी. पडदा बाजूला करून माय बघत होती. मला पळता पळताच कळलं की काहीतरी चुकलंय. ती खोपी ट्रॅकच्या दुसऱ्या पट्टीत होती. खरी वाट तिच्या चुलीवरून गेली पाहिजे होती, आणि मी तर तिला बाहेरून वळसा घालत होते! पण शर्यतीत थांबता येत नाही. फेरी संपता संपत नव्हती. माय ओरडत होती, "पळ कांते, पळ! लई जागा हाय!" शेवटची फेरी मी दात-ओठ खाऊन पळाले आणि पहिली आले. सुमन माझ्या मागं बरीच. छावणीतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी घड्याळवाल्या गृहस्थांकडं पाहिलं. त्यांनी मॅडमना घड्याळ दाखवलं आणि मॅडम म्हणाल्या, "सातही जणींमध्ये पात्र वेळ कुणाचीच नाही. या मैदानावरून एकही नाव नाही."

"मॅडम, मैदान मोठं झालंय," मी म्हणाले. धाप लागली होती, शब्द नीट फुटत नव्हता. "ही रेघ चुकीची हाय. मोजा."

घड्याळवाले गृहस्थ हसले. चेअरमनसाहेब त्याहून मोठ्यांदा हसले. "पोरगी कष्टानं पळाली, आता जरा रागात हाय," म्हणाले, आणि पाहुण्यांना घेऊन हॉलकडं वळले. हॉलमध्ये पुरी-श्रीखंडाचं जेवण होतं. दुष्काळात श्रीखंड! त्याचा आंबटगोड वास मैदानावरून फिरत होता आणि मी पांढऱ्या रेघेवर उभी होते. सबनीस मॅडमनी एकदा मागं वळून पाहिलं एवढं मला आठवतं.

मी खोपीकडं गेले. "माय, ही रेघ कुनी मारली?"

माय एकदम खुलली. "मीच की! समद्या जनींनी मिळून. साहेब म्हनले गोल रस्ता सोडा. ह्या बाया म्हनत व्हत्या खोपीपून चार हात सोडू. मी म्हनलं, माझी लेक पळनार हाय, आखडून कशाला? चांगली ऐसपैस जागा सोडा तिला. चौफेर बाहेर सरकिवली रेघ. झालं न्हवं मोकळं?"

मायवर ओरडावं की तिच्या गळ्यात पडावं, कळेना. आयुष्यभर तिनं मला जागाच कमी पडताना पाहिली होती; चूल अपुरी, खोपी अपुरी, आणि एकदाची जागा देता आली तर तिनं सढळ हातानं दिली. मी तिला समजावलं, की ट्रॅकची फेरी मोजलेली असते, जागा वाढली की पळणं वाढतं, पळणं वाढलं की वेळ वाढते. तिनं सगळं ऐकलं. "म्हंजी माझ्यामुळं?" एवढंच म्हणाली आणि पदराचं टोक दातात धरून बसली. मायला मी तशी कधी बघितली नव्हती. माझा राग तिथंच वितळला आणि दुसरीकडं जाऊन पेटला.

तेवढ्यात ढवळे सर आले. शिट्टी शर्टाच्या आत होती. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "कांता, साहेबांची वर ओळख आहे. संस्थेच्या शिफारशीवर एक नाव घालता येतं. तुझं घालायला ते तयार आहेत. आजच्या आज. तू फक्त ते मोजायचं बोलू नकोस. मैदान चुकीचं निघालं तर आपली मान्यता जाईल, अनुदान जाईल."

"अन् बाकीच्या सहा जनी?"

"तू तुझं बघ ना बाई."

माय माझ्याकडं बघत होती. "कांते, ती न्यायलीत तुला? मग झालं की!" तिचे डोळे लखलखले होते. ती चुलत्याचा विचार करत होती, टोळीचा, कोयत्याचा. मला तिच्यासाठी तरी हो म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, जीभ अगदी टाळ्याला लागली होती हो म्हणायला. मग मला माझं तिथलं राहणं डोळ्यांपुढं दिसलं. रोज ताटावर बसताना कुणाच्या मेहेरबानीचं जेवतेय ते आठवणार. आणि उद्या मी जिंकले तरी चेअरमनसाहेब म्हणणार, आमी पाठवली.

"न्हाई सर," मी म्हणाले. "मी पहिली आलेय. मला माझी वेळ पाहिजे, साहेबांची शिफारस नको. रेघ मोजा."

"येडी का खुळी तू?" माय ओरडली. तिनं एकदा रेघेकडं पाहिलं, एकदा हॉलकडं, जिथून ताटांचा आवाज येत होता. उठली, थोरल्या म्हशीचं दावं सोडलं, धाकटीचं सोडलं, गाईचं सोडलं. "सर, तुमी बाजूला व्हा," म्हणाली, "म्हैस नवी मानसं बघून बुजती." आणि जनावरं हाकत फाटकाकडं निघाली. फाटकापाशी लिंबाच्या सावलीत विद्यापीठाची जीप उभी होती. मायनं म्हशी तिच्या तोंडाशी नेऊन सोडल्या. थोरलीनं सावली पाहिली आणि पुढच्या चाकापाशी बूड टेकलं. मागोमाग दुसऱ्या बायका आल्या, आपापली जनावरं घेऊन. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. रेघ सगळ्यांनीच मारली होती ना! पाहुणे हात पुसत बाहेर आले तोवर जीप दिसेनाशी झाली होती.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. म्हशी हॉर्नला दाद देत असत्या तर महाराष्ट्राचे रस्ते कधीच मोकळे झाले असते. चेअरमनसाहेब लाल झाले. "हे कुनाचं डोकं हाय?" मी पुढं झाले. त्यांनी मला पायापासून वरपर्यंत पाहिलं. "आमचा चारा खाऊन आमच्यावरच शिंगं उगारायलीस व्हय गं?"

"चारा म्हशी खातेत साहेब," मी म्हणाले. "मी भाकर खाते, ती माझ्या मायची."

कुणीतरी खुसकन हसलं आणि गप्प झालं. साहेबांनी आवाज खाली आणला. ते ओरडायचे तेव्हा भीती वाटायची नाही, आवाज उतरला की वाटायची. "एका तासात जनावरं हालली न्हाईत तर आजपून छावनी बंद. समद्यांची. घेऊन जा आपापल्या गावाला, काय चारायचं ते चारा."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ही काही पोकळ धमकी नव्हती. गावाला नेऊन चारायला दगडांशिवाय काही नव्हतं. एकीनं तर आपल्या गाईच्या दाव्याला हातही घातला. माझ्या एका हट्टापायी शंभर घरांची जनावरं पणाला लागली होती, आणि मी मागं सरायला पाय उचलला होता, हे मी नाकारत नाही. तेवढ्यात माय पदर खोचून पुढं आली.

"करा बंद," ती म्हणाली. "गावाला कशाला न्यायची? तुमच्या बंगल्याम्होरं बाग हाय न्हवं, हिरवीगार. टँकरच्या पान्यावर ठेवलीया. समदी जनावरं तिथंच आणून सोडतो. अन् पाव्हन्यास्नी बी दाखवतो, बीड जिल्ह्यात गवत कुठं उगवतंय ते."

सबनीस मॅडमनी घड्याळ पाहिलं. "चेअरमनसाहेब, जीप तर निघत नाही," त्या म्हणाल्या. "बसून राहण्यापेक्षा मोजून घेऊ. टेप आहे का कॉलेजकडं?"

साहेब ढवळे सरांकडं बघत होते आणि त्या बघण्याचा अर्थ फाटकातल्या म्हशींनाही कळला असता. सरांना तीन पोरी होत्या, नोकरी संस्थेची होती. ते ऑफिसकडं गेले. मला वाटलं, गेले, आता येत नाहीत. आले ते हातात टेप घेऊन. शिट्टी शर्टाच्या बाहेर होती. त्यांनी आणि घड्याळवाल्या गृहस्थांनी रेघ मोजली, भर उन्हात, गुडघ्यावर बसून बसून. एका फेरीत चाळीस मीटरच्या वर जास्त भरलं. मॅडमनी स्वतः टेप धरून पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे पोरीचं."

बायकांनी एकच गिल्ला केला. पण मॅडमनी हात वर केला. "गणित करून वेळ लावता येत नाही. तसा नियम नाही. खरी रेघ मारा. ऊन उतरल्यावर ज्यांना पळायचंय त्यांनी पुन्हा पळावं. मी थांबते."

खरी रेघ सहा खोप्यांवरून गेली. पहिली आमची. ढवळे सर फक्की घेऊन चुलीपाशी येऊन थबकले. मायनं त्यांना बोलायची वेळच येऊ दिली नाही; पडदा खेचला, भाला उपसला, आणि आमचं घर पाचटाच्या ढिगासारखं खाली बसलं. विझत आलेली चूल तिनं पायानं सारली. मग गफूरमामू तेलाची बाटली घेऊन आले. पोरीच्या पायाला ते हात लावणार नव्हते, म्हणून चार हात लांब उकिडवे बसले आणि बाटली मायकडं सरकवली. "आपा, ऐसा नहीं. नीचे से ऊपर. पिंडरी को निचोडो मत, धकेलो." माय म्हशीची धार काढायच्या हातानं माझ्या पोटऱ्या चोळत होती आणि मामू लांबून हातवारे करत शिकवत होते. मायच्या आसवांचे थेंब तेलात पडत होते. पुढं मी शिकलेले लोक पाहिले, मालिशीतले पदवीधर पाहिले. तसले हात मला परत मिळाले नाहीत.

चार वाजून गेले आणि आम्ही पुन्हा उभ्या राहिलो. सातपैकी चौघीच. सकाळी मी सगळं सांडून पळाले होते. सुमन मागं राहिली होती, तिच्याकडं शिल्लक होतं. पाच फेऱ्या मी पुढं होते. सहाव्या फेरीला सुमन बाजूनं निघून गेली आणि मला तिला अडवता आलं नाही. दुसऱ्या वळणावर, जिथं आमची चूल होती तिथली राख माझ्या पायाला गरम लागली. शेवटच्या शंभर मीटरला डोळ्यांपुढं काळोखी आली. रेघ ओलांडून मी तोंडावर पडले.

सुमनचं नाव लागलं. माझं तीन सेकंदांनी हुकलं.

सुमन रडत माझ्या गळ्यात पडली. तिला कळत होतं की तिची जागा कुणाच्या भांडणातून निघाली होती. मी तिला म्हटलं, रडतीस काय गं, खा तिकडं पोटभर. जीप निघताना मॅडम माझ्याजवळ थांबल्या. "दुपारी काय चाललं होतं ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ती शिफारस माझ्यापर्यंत आली असती तर मला घ्यावंच लागलं असतं. गप्प बसली असतीस तर आत्ता तू या गाडीत असतीस."

"गाडीत असते मॅडम," मी म्हणाले, "पन मला खाली उतरवायचा हक्क साहेबांकडं असता. पुढच्या वर्षी येते. तेवढं घड्याळ हेच आना."

त्या पहिल्यांदा हसल्या. मग जीप गेली, आणि मी घरामागं रडायला गेले तर घरच नव्हतं. म्हणून सगळ्यांच्या देखत रडले. लाज कसली? हरल्यावर माणूस रडतं. त्या दिवशीचं ते हरणं मी आजही कुणाला हसत सांगत नाही. मला ती जागा पाहिजे होती, आणि ती मिळाली नाही.

दिवेलागणीला छावणीचा सुपरवायझर आला. साहेबांनी छावणी बंद केली नाही. बागेची गोष्ट जिल्हाभर झाली असती. "चला, झाला तमाशा," तो म्हणाला. "होत्या तिथं खोप्या घाला, जनावरं बांधा. ती रेघ पुसून टाका."

माय नव्या जागी, रेघेच्या आतल्या अंगाला, खड्डा खणत होती. मेढ उभी करायची होती. तिनं मान वर केली नाही.

"रेघंवर कुनी बांधायचं न्हाई," ती म्हणाली. "तिथनं माझी लेक पळती."

"मावशे, चाचणी संपली. तुझी लेक हुकली. आता कुठवर पळनार हाय ती?"

"हितून जाईस्तोवर," माय म्हणाली, आणि शेजारणीला हाक मारली, तिची गाय रेघेवरून अलीकडं घ्यायला.